पुढचा ब्रेक

कुशल मस्कतला नोकरीला गेला तेव्हा सासरे तुळशीदास यांची जुनी चेतक स्कूटर रुचिताच्या हाती आली. तोवर ती फक्त मागे बसायची. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात कुशल तिला दर रविवारी उमेळ्याहून अर्नाळ्याला न्यायचा, आणि तेव्हाचं तिला सगळ्यात जास्त काय आठवायचं तर वळण. वळण लांब असतानाच तो पुढचा ब्रेक चारही बोटांनी आवळायला लागायचा. जुना ड्रम ब्रेक, तो सावकाशच धरायचा. गाडी हळूहळू मंदावायची आणि रुचिता तशीच हळूहळू त्याच्या पाठीवर येऊन टेकायची. तिला वाटायचं, त्याला हे कळत नसेल. त्याला कळत होतं.

जाताना तो तिला सांगून गेला, की दर आठवड्याला गाडी चालू करत जा, पण तिच्यात काही बदलू नकोस. आल्यावर मला होती तशी हवी.

पुढच्याच वर्षी तुळशीदासांचे गुडघे गेले. वाडीतल्या सोनचाफ्याच्या करंड्या पहाटे वसई रोड स्टेशनवर पोचवायला कुणीतरी हवं होतं. सासूबाईंनी, मालननी, रिक्षा ठरवू म्हटलं. पण रुचितानं महिनाभर वाडीच्या रस्त्यावर फेऱ्या मारून गाडी शिकून घेतली. पायापाशी करंड्या ठेवून ती निघायची. तिचा तळवा लहान. पुढचा ब्रेक नीट लागायचा तर मूठ पुरी आवळावी लागे, आणि स्टेशनवरून परत येईपर्यंत मनगट ठणकायचं. ते ठणकणं तिला आवडायचंही. ह्याच ब्रेकवर त्याचा हात किती सहज बसायचा, असं तिच्या मनात यायचं.

आजूबाजूच्या वाड्यांमध्ये तेव्हा भराव पडत होता. मातीचे डंपर पहाटेपासून ये-जा करत. एका सकाळी एक डंपर दिवा न लावता आडव्या रस्त्यानं रिव्हर्समध्ये मागे आला. रुचितानं पायाचा आणि मुठीचा असे दोन्ही ब्रेक दाबले, तरी गाडी घसरतच राहिली. थांबली तेव्हा डंपरचं मागचं फळकं तिच्या हँडलला टेकलं होतं. चाफा रस्त्यावर सांडला होता. ती तो भरत बसली आणि तेव्हा तिला रडू आलं.

सांडोरचा फ्रेडरिक जुन्या स्कूटर दुरुस्त करायचा. त्यानं सांगितलं, ड्रमला नवीन लायनिंग घालून थोडं बरं होईल, पण ह्या हाताला डिस्कच हवा. त्याचा मेव्हणा बोटीवर होता; त्यानं इटलीहून डिस्क ब्रेकचा सगळा संच आणून ठेवला होता, पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यासकट. फ्रेडरिकनं लेथवर मापाचं बुश कातून तो दांडा चेतकला बसवला. शेवटी ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायला त्यानं रुचितालाच ब्रेक दाबायला लावला. दाब, धरून ठेव, सोड. पहिल्यांदा मूठ पोकळ जायची, मग जड होत गेली. आणि मग दोन बोटांनी चाक जागच्या जागी थांबलं.

शुक्रवारी कुशलचा फोन यायचा. ती दर वेळी ठरवायची की आज सांगू. पण तिकडचं जेवण, इकडची बाबांची औषधं, ह्यातच बोलणं संपायचं. नंतर तर इतके शुक्रवार होऊन गेले होते, की सांगायची तिला भीतीच वाटू लागली.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये तो महिनाभराच्या रजेवर आला. दुसऱ्याच सकाळी त्यानं गाडी अंगणात काढली आणि चल म्हणाला. चाकाकडे त्यानं पाहिलं नाही. रुचितानं तोंड उघडलं, पण तो मागे वळून इतका खुशीत हसला की ती गप्प बसली. गल्लीतून तो नुसत्या पायानंच ब्रेक मारत गेला. जरा हळू घ्या, एवढंच ती म्हणाली.

निर्मळच्या तळ्याजवळ वळण आलं. त्यानं लांबूनच, सवयीनं, चारही बोटं आवळली. चाक जागीच अडलं. रुचिताचं कपाळ त्याच्या पाठीवर आदळलं आणि रेतीवर गाडी आडवी झाली. दोघांचेही गुडघे खरचटले, बाकी काही नाही.

कुशल उठला, त्यानं तिला उठवलं, गाडी कडेला घेतली. मग उकिडवा बसून बराच वेळ पुढच्या चाकाकडे पाहत राहिला.

"हे कधी केलंस?"

तिनं सगळं सांगितलं. डंपर, चाफा, फ्रेडरिक. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तिकडे झोप लागली नाही की मी डोळे मिटून ही गाडी चालवायचो," तो म्हणाला. "आपल्या घरापासून अर्नाळ्यापर्यंत. कुठल्या वळणाला ब्रेक कुठून धरायचा, ते हाताला पाठ होतं. तू मागे असायचीस."

तो तिकडे जी गाडी चालवत होता ती इथे राहिलीच नव्हती.

"जुना ड्रम फ्रेडरिककडे असेल," ती म्हणाली. "बसवून घेऊ परत."

त्यानं तिचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्याला मुठीचा घट्टा पडला होता.

"नको," तो म्हणाला. "तू चालव. मला बघू दे."

तिनं गाडी चालवली. तो मागे बसला, तिच्या खांद्यावरून तिची दोन बोटं बघत. आगाशीच्या पुढे गेल्यावर त्यानं हात तिच्या कमरेभोवती घातला. रस्त्यावर लोक होते, तरी तिनं तो काढायला लावला नाही. अर्नाळ्याला सुकत घातलेल्या बोंबलांच्या बाजूनं ते किनाऱ्यावर गेले आणि किल्ल्याकडे बघत बसले. त्यानं विचारलं, की मी कायमचा आलो तर वाडीवर दोघांचं भागेल का. तिनं खरं ते सांगितलं, की आत्ता नाही.

महिनाभर पहाटे दोघं मिळून फुलं पोचवायला जात. ती चालवायची, तो मागे. एक-दोनदा त्यानंही चालवून पाहिली. त्याचा हात अजून जास्तच दाबायचा.

तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही चाफा उमलला होताच. रुचिता करंड्या घेऊन निघाली. स्टेशनजवळ म्हशींचा कळप आडवा गेला तेव्हा तिनं गाडी थांबवली, आणि तिच्या लक्षात आलं, की आपण सीटच्या अगदी पुढच्या टोकाला बसलो आहोत, मागे एका माणसाची जागा सोडून.

म्हशी गेल्या. ती तशीच पुढे बसून स्टेशनपर्यंत गेली.