भरमूअण्णाचा बंद माईक

वडगावच्या विणकर गल्लीत माग सुरू झाले की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. त्या गल्लीतल्या चौघांनी वाद्यांशिवाय गायचं ठरवलं तेव्हा लोक हसले. रूपाली वरचा सूर धरायची, करिष्मा आणि सिद्धेश मधले, आणि भरमूअण्णा खाली खर्जात असा घुमायचा, की पेटी-तबल्याची कुणाला आठवणच यायची नाही. पथकाचं नाव 'ताणाबाणा'.

बघता बघता निपाणीपासून खानापूरपर्यंत बोलावणी यायला लागली. एक गाणं मराठी, एक कानडी. सदलग्यात तर वरातीतले बँडवाले वाजवायचं सोडून ऐकत उभे राहिले.

मग भरमूअण्णाचा सूर ढळायला लागला. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेलेली, कान मंदावले होते. त्याचं त्याला उमगलं नव्हतं, आणि सांगायचं कुणी? रूपालीला तर सूर लावायला त्यानंच शिकवलेलं.

कोल्हापुरात स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी सिद्धेश म्हणाला, "आक्का, अण्णा घसरला की समदं घसरतंय. काय तरी कर."

रूपाली साउंडवाल्याकडे गेली. "चौथा माईक बंद ठेवा. त्यांना कळू देऊ नका."

खर्जाची जागा सिद्धेशनं कशीबशी भरली. भरमूअण्णा मात्र डोळे मिटून, छाती भरून मुक्या माईकात गात राहिला. पहिला नंबर आला. अण्णानं कौतुकानं रूपालीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिला मान वर करवेना.

स्पर्धेचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला. अण्णाच्या बायकोनं, राजाबाईनं, तो पुन्हा पुन्हा ऐकला. अण्णाचं तोंड हलत होतं, आवाज कुठंच नव्हता. तिनं नवऱ्याला तसं सांगितलं, आणि हल्ली हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही हेही. त्यानंतर अण्णा तालमीला फिरकला नाही.

रूपाली त्याच्या मागाच्या शेडवर गेली. पाठीमागून हाका मारल्या. त्याला ऐकू गेल्या नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं माग थांबवला.

"माझा कान गेलाय ह्ये समद्यास्नी ठावं, आन् मलाच न्हाय व्हय गं?"

"अण्णा, तुला वाईट वाटंल म्हणून..."

"न्हाय. तुला सांगायला जड जाईल म्हणून," तो म्हणाला. "सांगितलं असतंस तर मी खाली लोकांत बसून टाळ्या वाजवल्या असत्या."

त्यानं माग पुन्हा चालू केला.

उचगावच्या जत्रेत तिघंच गायली. लोक अण्णाची चौकशी करत होते. "अंग बरं न्हाय," रूपाली म्हणाली, आणि आपल्याच खोट्यानं गाताना तिचाच सूर ढळला. परतताना करिष्मानं सांगून टाकलं, "आक्का, मला आता न्हाय जमायचं." 'ताणाबाणा' तिथंच संपलं.

पुढं रूपालीच हट्टानं अण्णाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. यंत्र बसलं. एकदा त्याच्या ओसरीवर बसून तिनं हळूच एक चाल धरली आणि थांबून म्हणाली, "अण्णा, खालचा सूर दे की."

भरमूअण्णानं कानातल्या यंत्राला बोट लावलं.

"समदं लई झ्याक ऐकू येतंय बघ," तो म्हणाला. "पर तुझ्याम्होरं तोंड उघडवंना."