सिमेंटचा हत्ती आणि विक्रीला काढलेला किनारा

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा हत्ती आहे. मागच्या पायऱ्यांनी माझ्या पाठीवर चढायचे आणि सोंडेवरून घसरत वाळूत उतरायचे, यासाठी माझा जन्म झाला. पुन्नक्कडवूच्या किनाऱ्यावर, नगरपालिकेच्या बागेत मी चाळीस वर्षे उभा आहे. वेलायुधन गवंड्याच्या हातून माझा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. कुणी चूक दाखवली की तो शांतपणे सांगायचा, समुद्राकडचा कान मोठाच हवा. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पुढे ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्यांच्याबद्दल नाही.

मुलांच्या चड्ड्यांनी माझी सोंड आरशासारखी गुळगुळीत केली. शेजारच्या सुरूच्या झाडांखाली बायका जाळी विणत. मासे विकून परतणारी कुंजिपात्तू रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसे. निवृत्त झालेल्या सौदामिनी टीचर रोज संध्याकाळी माझ्या पायाला हात टेकून चपलेतली वाळू झटकत. कुणी माझी आरती ओवाळली नाही, पण मी कुणाला नकोसाही नव्हतो.

मग जयदेवन नगराध्यक्ष झाले. निवडणुकीत याच गृहस्थांनी माझ्या पायऱ्यांवर उभे राहून, हा किनारा तुमचा आहे, असे घसा बसेपर्यंत सांगितले होते. खुर्ची मिळाल्यावर त्यांनी बागेतले दिवे दुरुस्त करणे थांबवले. माझा सुळा तुटला, तोही कुणी बसवला नाही. दोन वर्षांनी तेच म्हणू लागले की बाग अंधारी आहे, मोडकी आहे, इथे कुणी येत नाही. ही जागा हॉटेलवाल्यांना विकलेली बरी.

जागेचा वापर किती, हे मोजायला त्यांनी एक इंजिनिअर पाठवला. तो आला मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता. त्या वेळी वाळूवर कुत्रासुद्धा पाय ठेवत नाही. हा शहाणा जीपमधून उतरला नाही. काच खाली न करता त्याने कागदावर 'वापर शून्य' असे लिहिले आणि निघून गेला. आठवड्याने विक्रीची नोटीस माझ्या पोटावर चिकटली. चाळीस वर्षांत कावळ्यांनी माझ्यावर काय काय केले, पण इतकी घाण कधी झाली नव्हती.

टीचरांनी चष्मा लावून नोटीस वाचली. कुंजिपात्तूला वाचता येत नव्हते, म्हणून तिला वाचून दाखवली.

"शून्य म्हणजे मीपण नाही का?" कुंजिपात्तूने विचारले.

"तूही नाहीस, पात्तू. मीही नाही."

कुंजिपात्तू टोपली उचलून म्हणाली, "चला टीचर, माझी सगळी गिऱ्हाइकं मला माहीत आहेत."

अकरा दिवस त्या दोघी घरोघरी फिरल्या. टीचरांचे गुडघे दुखत, कुंजिपात्तूचा माशांचा धंदा अर्ध्यावर आला, पण विक्रीविरुद्धच्या अर्जावर सह्या आणि अंगठे जमत गेले. म्हातारीला शाळेची सवय सुटत नाही, असे नगराध्यक्ष चारचौघांत हसून म्हणाले. टीचरांनी ते ऐकले आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

लोकांचे म्हणणे ऐकणे भाग पडले, तेव्हा नगराध्यक्षांनी सभा बागेतच ठेवली, पण तीही दुपारी एक वाजता. कुणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. चारशे माणसे छत्र्या घेऊन आली. माझी सावलीसुद्धा कुणाला पुरेना.

टीचर उभ्या राहिल्या. त्यांनी इंजिनिअरला विचारले, "मोजणी किती वाजता केलीत?"

"एक वाजता."

"वाळूत उतरला होतात?"

तो खाली बघत म्हणाला, "ऊन फार होतं, टीचर."

मागून कुंजिपात्तूचा आवाज आला. "मग तसं लिहायचं ना, इंजिनिअर शून्य."

सगळी बाग हसली. नगराध्यक्ष रुमालाने मान पुसत राहिले. पंधरा दिवसांनी नगरपालिकेत मतदान झाले आणि विक्रीचा ठराव पडला. वारा फिरलेला पाहून नगराध्यक्षांनी स्वतःच्याच ठरावाविरुद्ध हात वर केला. निर्लज्जपणालाही कसब लागते. ते त्यांच्याकडे भरपूर आहे.

महिन्याभरात ते फोटोग्राफर घेऊन आले. माझ्या पुढ्यात एक उतरता ओटा बांधून त्यावर संगमरवरी फरशी बसवली. 'किनाऱ्याचे रक्षणकर्ते' असे लिहून खाली स्वतःचे नाव. टीचरांना बोलावणे नव्हते.

मित्रांनो, मला हार नकोत आणि रंगाचीही घाई नाही. दिवा बंद दिसला की त्याच आठवड्यात जाऊन विचारा, एवढेच मागणे आहे. मोडू देणारा आणि मोडके म्हणून विकणारा माणूस एकच असतो, आणि तो पुन्हा येतो.

त्या फरशीचे म्हणाल तर ती उन्हात छान तापते. दुसऱ्याच दिवशी कुंजिपात्तूने तिच्यावर मांदेली वाळत घातली. टीचर काही बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, "राहू द्या टीचर. साहेब पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलेत."