कमानीखालची वाट

भाकरीहून पवित्र या जगात काही नाही, यावर कैरो शहरात कुणाचं दुमत नाही. म्हणूनच बयूमीला अडवताना पहारेकरी मितवल्लीनं आधी त्याच्या डोक्यावरच्या भाकऱ्यांकडे बघून छातीला हात लावला, आणि मग काठी आडवी धरली.

"माफ कर, काका. इथून नाही."

बयूमीनं एक पाय टेकवून सायकल थांबवली. डोक्यावरची खजुरीच्या काठ्यांची लांबरुंद जाळी, तिच्यावर दोन थरांत रचलेल्या दोनशे गरम भाकऱ्या आणि जाळीला धरलेला उजवा हात, यांतलं काही हललं नाही. सव्वीस वर्षांची सवय.

"ही वाट कुणाची म्हणालास?"

"चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची."

"मग मी गाढवावर बसलोय का?"

"सायकलीचं काही नाही रे. वर बघ."

वर कमान होती. उद्घाटनासाठी उभारलेली, हिरवी, लोखंडी, ठेंगणी. उद्घाटन होऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी ट्रकमधून चाळीस नव्या सायकली आल्या, पाहुण्यांनी त्या वीस पावलं चालवल्या आणि ट्रक त्या परत घेऊन गेला. कमान तेवढी राहिली.

रुळांलगतची ही पट्टी पूर्वी नुसता खडी-कचरा होती. तिच्यातून जी काही पाऊलवाट पडली होती, ती बयूमी आणि त्याच्यासारखाच भाकऱ्या वाहणारा शहाता या दोघांच्या चाकांनी. मग एकदा पट्टीवर सांडपाणी तुंबलं, म्हणून शहाता मोठ्या रस्त्यानं गेला. मिनीबसनं त्याला उडवलं. लोक धावले. रस्त्यावरची एकेक भाकरी उचलून, ओठांना लावून, त्यांनी भिंतीवर ठेवली. शहाताला उचलायला गाडी त्यानंतर पाऊण तासानं आली.

त्यामुळे वाट बांधायची ठरली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बयूमीला झाला होता. पाहणीला आलेल्या इंजिनिअर नुहानं त्याला विचारलंसुद्धा होतं, काका, तुम्हाला काय हवं?

"वर काही घालू नका, पोरी. माझ्या डोक्यावर आधीच आहे."

ती हसली होती, वहीत लिहून घेतलं होतं, त्याचा जाळीसकट फोटोही काढला होता.

आत्ता ती कमानीपाशीच मोजायची टेप घेऊन उभी होती. बयूमी तिच्याकडे बघत राहिला.

"मी लिहिलं होतं, काका," ती म्हणाली. "अहवालात आहे. शेवटच्या पानावर."

"कमान पहिल्या पानावर होती वाटतं."

"दुसऱ्या टप्प्यात उंच करणार आहेत."

"आणि पहिल्या टप्प्यात मी कुठून जाऊ?"

नुहाची नजर मोठ्या रस्त्याकडे गेली आणि तिनं ती घाईनं टेपवर आणली.

मितवल्लीला राहवेना. "काका, उतर की खाली. जरा मान वाकव, पाच पावलांचा प्रश्न आहे."

"मान वाकवली तर दोनशे भाकऱ्या तुझ्या बुटांवर पडतील. आणि मान वाकवता आली असती, मितवल्ली, तर मलाही तुझ्यासारखी नोकरी लागली असती."

मितवल्लीनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कडेनं जातो मग."

"कडेला कुंपण आहे."

"कुणासाठी?"

"सुरक्षेसाठी," नुहा अगदी हळू म्हणाली.

बयूमीला ओरडावंसं वाटलं, पण डोक्यावर जाळी असताना माणूस ओरडत नाही; मान हलते. त्यानं सायकल वळवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जाळी कलली आणि वरच्या थरातली एक भाकरी खाली घसरली.

मितवल्लीनं ती उचलली, ओठांना आणि कपाळाला लावली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून कमानीच्या चौथऱ्यावर ठेवली.

"आता हिला तरी जाऊ दे आत," बयूमी म्हणाला, आणि मोठ्या रस्त्याच्या गर्दीत शिरला. मिनीबसांच्या टपांवरून त्याची जाळी बराच वेळ दिसत होती. नुहा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

कमानीखाली स्वागताचा फलक आहे. त्यावर बयूमीचाच फोटो आहे, सायकलवर बसलेला, उजवा हात उंच केलेला. येणाऱ्यांना वाटतं, तो आपल्याला बोलावतोय. फलक कमानीत मावेना, म्हणून फोटो वरून कापला होता.