प्रश्न चौथा: सोबत प्राणी आहे का?

सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या मालकीणबाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: प्राणी खुशाल आणा, पण अर्जात लिहा. लपवलात, तर त्याच तासाला बॅगा दाराबाहेर. बुकिंगच्या साइटनेही बजावलं होतं, न सांगितलेल्या प्राण्याची आणखी एक तक्रार आली तर घर यादीतून कायमचं बाद. आणि बाईंची चूल या घराच्या भाड्यावरच पेटत होती.

त्यामुळे जेव्हा शेजारीण सकाळी कुंपणावरून म्हणाली, "अहो, तुमचे पाहुणे रोज कोबीचे दोन गड्डे नेतात. नवरा-बायको दोघंच ना?" तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. अर्जाची फाईल काखोटीला मारून त्या तरातरा निघाल्या.

पाहुणे दातांचे डॉक्टर होते; त्यांनीच दार उघडलं. बाई थेट बाथरूममध्ये. टबात परातीएवढं कासव. दार न वाजवता आत आल्याबद्दल त्याने बाईंकडे रोखून पाहिलं.

"हे काय आहे?"

"कासव," डॉक्टर म्हणाले.

"मलाही दिसतंय! अर्जात 'नाही' लिहिलंत!"

"आमच्यासोबत नव्हतंच. आम्ही आलो तेव्हा टबात होतं. आम्हाला वाटलं, तुमचं."

"माझं?"

"तुम्हीच पाटी लावलीय ना, घरातली वस्तू जागच्या जागी ठेवावी. फिरून सोफ्याखाली गेलं की आम्ही उचलून परत ठेवतो."

"चार दिवस बेसिनशी तांब्याने आंघोळ करतोय, काकू," डॉक्टरांची बायको म्हणाली. "पण आमची तक्रार नाही हं!"

'तक्रार' ऐकताच बाई टबाच्या काठावर बसल्या. फाईल मागे मागे उलटू लागल्या. पाहुण्यांचे शेरे: 'सोबत फार शांत.' 'सोबतीमुळे घर सोडवेना.' हे सगळं त्या इतके दिवस स्वतःबद्दल समजत होत्या.

मग पाच महिन्यांपूर्वीचा अर्ज सापडला. प्रश्न चौथा, सोबत प्राणी? उत्तर: 'कासव.' शेजारी बाईंच्याच लाल शाईत: 'मंजूर.' आत किती आले ते अर्ज विचारायचा. बाहेर किती गेले, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. आणि कंबरेने दगा दिल्यापासून बाईंचा झाडू ना सोफ्याखाली गेला होता, ना टबात.

"पण एका कासवाला रोज दोन गड्डे?" बाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"दुसरा गड्डा दुसऱ्याला," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी अर्ज पुन्हा डोळ्यांजवळ धरला. 'कासव,' आणि पुढे बारीक अक्षरात 'नग दोन.' सोफ्याखालून खरवडल्याचा आवाज आला.

मग बाईंनी मोबाइल काढला, साइट उघडली आणि मालकाच्या रकान्यात, जिथे सहा वर्षं 'नाही' होतं, तिथे लिहिलं: 'घरात प्राणी: दोन.' सांगितलेल्या प्राण्याची तक्रार होत नाही, नियम साइटचाच होता.

पुढचा प्रश्न आला: चावतात का?

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"दातच नसतात त्यांना," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "पहिल्याच दिवशी तपासलं."