ड्रमचा तळ

ज्ञानेश्वरी दवाखान्यात होती. डेंग्यू झाला होता. रक्तातल्या प्लेटलेट्स रोज उतरत होत्या आणि तिचा बाप भारत तिच्या उशाशी बसून होता. इकडं चिकलठाण्याच्या घरात तिचा तान्हा भाऊ पाळण्यात झोपला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातलं साठवलेलं पाणी बघा. एवढ्या लहान लेकराला हा ताप झेपायचा नाही.

आई दिपालीनं अंगणातल्या ड्रमचं झाकण काढलं. उरलेल्या अर्ध्या पाण्यात आळ्या वळवळत होत्या. ती ड्रम कलता करायला लागली, तोच सासू बानाबाई आडवी आली.

"येडी झालीस का? नळ कवा येईल पत्ता नाय, अन् पाणी वततीस?"

"आत्याबाई, आळ्या हायेत."

"मग फडक्यानं गाळ की!"

नळ आला की ड्रम वरून भरून घ्यायचा, रिता होऊच द्यायचा नाही, ही बानाबाईची शिस्त. मेंढरांमागं फिरताना हंडाभर पाण्यासाठी तिनं डोंगर तुडवले होते. तळ दिसलेला तिला खपत नसे. त्यामुळं कित्येक महिन्यांत ड्रम घासलाच नव्हता.

दिपालीनं ड्रमच्या आतून बोट फिरवलं. बारीक काळे कण चिकटून आले.

"ही धूळ नाय, डासाची अंडी हायेत. तपासायला आलेल्या आशाताईनं दावलीत. घासल्याबिगर निघत नायत. वरून पाणी पडलं की पुन्हा आळ्या."

"लई शिकलीस!" बानाबाईनं ड्रमला मिठीच मारली. "मला आधी बाजूला कर, मग सांड."

आत बाळ रडलं. दोघी धावल्या. गालावर लाल डाग उठला होता. पाळण्याच्या दोरीवर एक डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला. दिपालीनं बाळाच्या कपाळाला हात लावला.

"गरम हाय का गं?"

"नाय. अजून तरी नाय."

बानाबाई बाहेर गेली. दिपालीनं पाळण्यावर मच्छरदाणी ओढली, तोवर अंगणात धाडकन आवाज झाला. ड्रम आडवा पडला होता, पाणी फरशीवरून वाहत होतं आणि म्हातारी आत डोकं घालून काथ्यानं खसाखसा घासत होती.

भिंतीवरून शेजारीण मनकर्णाबाई डोकावली. "आगं बया! घरात नदी गावली का काय?"

"तुझा ड्रम कवा घासलास?" बानाबाईनं आतूनच विचारलं.

मनकर्णाबाईचं डोकं भिंतीआड गेलं.

फोन वाजला. भारत होता. "प्लेटलेट्स आज उतरल्या नायत. काल व्हत्या तेवढ्याच हायेत."

दिपाली सांगायला अंगणात धावली. बानाबाई मात्र काथ्या घेऊन शेजारच्या फाटकापाशी पोचली होती.

"डास काय भिंत बघून उडतो व्हय? दार उघड, मनकर्णे."