तिसऱ्या दिवशीची गोळी

“गोळी दिलीत का लेकीला?” चपला काढता काढता तिने विचारलं. नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं, नाही, तिला न सांगता बंद केल्याला आज तिसरा दिवस. प्रार्थनेत देवाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, लेक बरी झाली, गोळ्या बंद कर.

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. सात वर्षांच्या पोरीला फिट यायच्या, आणि गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवरा काही थापाड्या नव्हता हो. शाळेची गाडी चालवणारा साधा माणूस. अकरा वर्षं घरची प्रार्थना तोच चालवायचा. खरंच देव बोलला असेल तर? आपण मध्ये पडून त्याच्या कृपेलाच लाथ मारतोय का?

ती रक्तपेढीत कामाला होती. तिथे रक्ताचा गट एकट्याने तपासून भागत नाही. पहिला कितीही मुरलेला असो, दुसऱ्याने नव्याने तपासायचाच. त्यात कुणाचा अपमान नसतो. तेवढंच मनाशी धरून तिने लेकीचं बोट पकडलं आणि नवऱ्याला म्हणाली, चला, चर्चच्या पाळकांकडे.

पाळकांनी सगळं शांतपणे ऐकलं. देव बोलतो हे त्यांना मान्यच होतं, पण ऐकणारा माणूस असतो, म्हणून पारखून घ्यायचं, असं ते म्हणाले. मग त्यांनी एकच विचारलं.

“बायकोपासून लपव, हेही देवानंच सांगितलं का?”

नवऱ्याने लेकीला जवळ ओढलं.

“ते माझं मीच ठरवलं,” तो म्हणाला. “मागच्या वेळी पोर माझ्या मांडीवर निळी पडली. आता पुन्हा नाही बघवणार मला. हे संपलं, असं कुणीतरी सांगायला हवं होतं, पाळकसाहेब.”

तिने डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते भडकले, आत्ताच्या आत्ता गोळी द्या आणि दवाखान्यात घेऊन या, म्हणाले. घरून आणलेली गोळी तिने पर्समधून काढली. तो आवाज खरंच देवाचा असला तर, ही धास्ती अजून गेली नव्हती. तरी तिने गोळी दिली.

संध्याकाळी दवाखान्यातल्या खाटेवर लेकीने हात जोडले. “पप्पा, प्रार्थना करा ना.”

त्याने हात जोडले, मग बायकोकडे वळला.

“तू सांग,” तो बायकोला म्हणाला. “मी मागून म्हणतो.”

आणि पहिलीतल्या पोरासारखा तो एकेक शब्द तिच्या मागून म्हणू लागला.