विस्तवाशिवाय उकळलेलं पाणी

देणगी देणाऱ्या संस्थेच्या कचेरीत बाईंना प्रश्न विचारून झाला होता. लांब मेजापलीकडच्या तिघांनी आपापल्या परीने उत्तराची वाट पाहण्यात बस्तान मांडले. एकाने चष्मा पुसायला घेतला. शेजारच्या मॅडम कपात उरलेला थेंबभर चहा निरखू लागल्या. मधल्या खुर्चीतले साहेब मात्र बाईंकडेच पाहत राहिले; हातात रिपोर्ट असलेला आणि तो कसा सांगावा हे न ठरलेला डॉक्टर पाहतो तसे. भिंतीवरच्या पडद्यावर बाईंच्या फिरत्या विज्ञानगाडीचे चित्र अजून उजळलेले होते: पांढरी लांबट गाडी, उघडे दार, पायरीवर दाटीवाटीने उभी असलेली अनवाणी मुले. चित्रातल्या मुलांच्या नजरा कॅमेऱ्याकडे नव्हत्या. आत काहीतरी चालले होते.

"एकच नाव सांगा, बाई," साहेब पुन्हा म्हणाले. "तुमच्या गाडीत विज्ञान शिकलं आणि पुढे काहीतरी झालं, असं एक मूल. इतक्या वर्षांत एखादं तरी असेल ना?"

"खूप असतील."

"असतील, की आहेत?"

प्रश्न रास्त होता. भिंगातून पाहणाऱ्या मुलांना बाई स्वतः असेच पकडत आल्या होत्या: दिसलं, की दिसेल असं वाटलं?

"आम्ही एका वस्तीत दुपारभर थांबतो," त्या म्हणाल्या. "मग पुढची वस्ती. ही मुलं एका जागी राहत नाहीत, साहेब. काम संपलं की वस्ती उठते. कोण कुठं गेलं, हे मागे वळून बघायला..."

"म्हणजे पेरलं, पण उगवलं का ते पाहिलंच नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

साहेब पुढे झुकले. माणूस वाईट नव्हता, आणि हेच जरा जड जात होते.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या विश्वासावर चेक निघत नाही. वरच्या मंडळींना आकडे नकोत, आकड्यांनी त्यांची पोटं कधीच भरलीत. त्यांना डोळ्यांसमोर एक जिवंत माणूस हवा. गुरुवारी बैठक आहे. कुणाला तरी घेऊन या. तो माणूस बोलला, की मी पुढचं बघतो."

आधीच्या देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. या दारातून नकार आला, तर शाळांचे सत्र संपेल त्या दिवशी गाडी कायमची उभी राहणार होती. मेजाभोवतीच्या सर्वांना हे ठाऊक होते, म्हणून कुणी ते उच्चारले नाही.

खाली फाटकाजवळ मामा गाडीच्या काचा पुसत होते. ते गाडीचे चालक, दुरुस्ती करणारे, आणि गरज पडली तर पृथ्वीभोवती फिरणारा चंद्रही. साऱ्या वस्त्यांतली मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून बाईही म्हणत.

"काय, दिले का?"

"माणूस मागतायत."

"माणूस? कशाला, बळी द्यायला?"

"आपल्या गाडीत शिकून मोठं झालेलं कुणीतरी."

"मग मी आहे की! इतकी वर्षं ऐकतोय. वीज कुठून निघते नि कुठं जाते, झोपेतसुद्धा सांगेन."

"मूल हवंय, मामा."

"केस काळे करतो."

बाई हसल्या, पण ते हसू ओठांपर्यंत पोचेस्तोवर दमले. त्या आत शिरून बाकावर बसल्या. गाडी एकेकाळी रक्तदानाच्या कामी होती. निकालात निघाल्यावर बाईंनी मागून आणली होती. रबरी पट्ट्यांनी बांधलेल्या बरण्या, गोधडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक, कडेने लोंबणाऱ्या तारा, आणि या सगळ्यावर मुलांच्या पायांबरोबर आत आलेल्या मातीचा, कितीही धुतला तरी न जाणारा वास. बाईंना वाटले, आपलेही असेच झाले आहे. एका कामासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्याच कामात झिजत आली, आणि आता नेमके काय झिजले, हे विचारले तर दाखवता येत नाही.

"ती खाणीवरची आठवते?" मामांनी आरशातून विचारले. "भुणभुण?"

बाईंना आठवली. तिचे खरे नाव त्यांनी कधी विचारले होते की नाही कोण जाणे. मामांनी ठेवलेले हेच नाव गाडीत चालायचे. ती पायरीवरून उतरतच नसे. इंजिन सुरू झाले तरी दाराची कड धरून एक हात उचललेलाच, आणि कानाशी भुंगा घोंघावावा तसा एकामागून एक प्रश्न.

"ती पोरगी काहीतरी झाली असणार," मामा म्हणाले. "नसेल झाली, तर मी स्टिअरिंग सोडून देतो."

"चालू गाडीत नका सोडू."

मामांना माणसे हुडकण्याची हातोटी होती. चहाच्या टपरीवर चौकशी करीत ते सुतावरून स्वर्ग गाठत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोनवर सांगितले, "सापडली. मोठ्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे म्हणे. बघा, म्हणालो नव्हतो?"

दवाखाना. तो शब्द बाईंनी घरभर फिरवला. थोरली बहीण जमिनीवर बसून भाजी निवडत होती. दोघींचे मिळून ते दोन खोल्यांचे घर होते. एकीने लग्न केले नाही आणि दुसरीचे टिकले नाही, एवढ्या भांडवलावर उभे असलेले.

"नर्स आहे का गं?" ताईने विचारले.

"माहीत नाही. कदाचित प्रयोगशाळेत असेल. रक्त तपासत."

"तुझ्या 'कदाचित'वर आपण दोघींनी जन्म काढला." ताईने एक जून देठ मोडला. "आणि नाही आली ती, तर?"

"तर गाडी विकायची."

"आणि तू?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"रागावू नकोस," ताई म्हणाली, "पण सुटशील. ह्याच्या दारात जा, त्याच्या दारात जा. भीक मागायलासुद्धा हल्ली पडद्यावर चित्रं दाखवावी लागतात. मला तर बघवत नाही तुझ्याकडे."

त्या शब्दाचा, 'सुटशील'चा, बाईंना राग यायला हवा होता. उलट तो त्यांना गोड लागला, आणि त्या गोडीचीच त्यांना भीती वाटली. डोळे मिटले की पांढऱ्या कोटातली एक तरुणी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली दिसे. एक मूल. एकच. मग मागची सगळी वर्षे आपोआप सरळ रेषेत उभी राहिली असती.

दवाखान्यात त्यांनी आधी प्रयोगशाळेत चौकशी केली. तिथे खाणीजवळची कुणी नव्हती. नर्सच्या खोलीतही नव्हती. एका कारकुनाने डोके खाजवून विचारले, "ती बडबडी? ती खाली धुलाईत असते," आणि बोटाने जमिनीकडे खूण केली. बाई उतरणीच्या वाटेने खाली गेल्या. एकेका वळणावर पांढरा कोट मनातून उतरत गेला. तळाशी वाफेने धूसर झालेले दालन होते, गडगडणारी धुलाईयंत्रे, इस्त्रीचे प्रचंड तापलेले रूळ, आणि चारचाकी ढकलगाड्यांवर चादरींचे ढीग. भिंती घामेजल्या होत्या.

बाईंनी तिला ओळखण्याआधी तिनेच ओळखले.

"बाई? गाडीवाल्या बाई ना तुम्ही? कुणाला ॲडमिट केलंय का?"

"तुलाच भेटायला आले गं."

"मला?" ती हसली. उंच झाली होती, मनगटांवर भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. "मला भेटायला फक्त मुकादम येतो. तोही ओरडायला. मामा आहेत का अजून?"

"फाटकापाशी आहेत."

"बरं झालं. थांबा, माझी जोडीदारीण जेवायला गेलीय नि ही घडी एकटीनं होत नाही. ही टोकं धरता? घट्ट. आता ताणा. हं, आता या माझ्याकडे."

चादरीची दोन टोके धरून बाई मागे सरत, मग पुढे येत. जवळ आले की मुलगी त्यांच्या हातातली टोके घेई आणि वाकून खालची घडी त्यांच्या हाती देई. असे दूर जात आणि जवळ येत बाईंनी तिला गुरुवारचे सांगितले. साहेबांचे, गाडीचे, सत्र संपण्याचे.

"आणि मी तिथं काय बोलायचं?"

"जे खरं आहे ते."

"खरं काय, मी चादरींच्या घड्या घालते." ती दुखावून बोलत नव्हती. "साहेबांना सांगू, ह्या बाईंच्या गाडीत बसले आणि इथवर पोचले? घाबरून आहेत तेवढे पैसेपण काढून घेतील."

"तू फार हुशार होतीस."

"होते की. गणितात पहिली यायचे. मग खाण बंद पडली, बाबांची छाती गेली. घरात एकालाच शिकवता येत होतं. धाकटा मुलगा होता." तिने चादर झटकली. "त्यात गणित अवघड नव्हतं."

बाईंना निघून जावेसे वाटले. या मुलीला बैठकीत उभे करायचे, तिच्या मनगटांवरून त्या मॅडमची नजर फिरवायची, हे काही बरे नव्हे. पण त्यांच्या हातात चादर होती आणि मुलगी पुन्हा जवळ येत होती.

"एक मात्र आहे," ती म्हणाली. "ते पाणी मला रोज आठवतं."

"कुठलं पाणी?"

"सिरिंजमधलं! हाताला सोसेल एवढंच गरम पाणी आत ओढलंत, तोंडावर बोट दाबलंत आणि दट्ट्या मागे खेचलात. आणि ते उकळलं, बाई. खाली विस्तव नाही, काही नाही, आणि खळखळ उकळलं. मी विचारलं का. तुम्ही कधी सांगायचाच नाहीत, सारखं उलट आम्हालाच विचारायचात. म्हणालात, विचार करून ठेव, पुढच्या खेपेला बोलू." तिने घडीवरून तळवा फिरवला. "पुढची खेप आलीच नाही."

बाईंना ते वर्ष आठवले. तेव्हाच्या देणगीदारांना एकेका खेपेत पुष्कळ मुले हवी होती. खाणीवर मुले थोडी, रस्ता वाईट. त्यांनी ती वस्ती वेळापत्रकातून वगळली होती आणि बाकीच्या वाचवल्या होत्या. त्यात काही चूक केली असे त्यांना तेव्हा वाटले नव्हते.

"मी रस्त्याला येऊन बसायचे," मुलगी सांगत होती. "उत्तर तयार करून ठेवलं होतं, ते नंतर चुकीचं वाटलं. शाळेत सरांना विचारलं, ते म्हणाले, परीक्षेला नाही हे. इथं लागल्यावर वॉर्डातून एक सिरिंज मागून आणली नि स्वतः करून पाहिलं. उकळतं. पण का? बॉयलरवरच्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, उकळतंय ना? मग झालं तर!"

दोघी हसल्या. त्या दालनात इतका वेळ कुणी हसले नसावे. रुळांपाशी उभ्या असलेल्या बायकांनी माना वळवल्या.

चादर पुन्हा दोघींच्या मध्ये ताणली गेली. मुलगी पलीकडच्या टोकाला क्षणभर थांबली.

"येते मी गुरुवारी."

"नक्की?"

"रजा टाकते. मुकादम बोंबलेल, बोंबलू दे. चांगला ड्रेस आहे एक. तुम्हाला हवं ते बोलते, रडायचं असेल तर रडतेसुद्धा. पण आधी ते सांगा. मला आता विचार नाही होत, बाई. घरी गेलं की डोकं नुसतं दगड झालेलं असतं. तुम्ही सांगून टाका. सरळ."

बाईंना उत्तर येत होते. पाण्याच्या अंगावर हवा बसलेली असते, जन्मभर, आणि आपल्याला ती दिसत नाही. तिचा भार काढून घेतला की पाण्याला उकळायला फारसा विस्तव लागत नाही. दोन वाक्ये. ती त्यांच्या जिभेवर आलीसुद्धा. समोर चेहरा होता, वर उचललेला, थोडा ओलसर, वाट पाहणारा. अशा चेहऱ्यांसमोर उभे राहण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते. त्या चेहऱ्याला पाहताच त्यांच्या आतले काहीतरी, कुणी न बोलावता, जाग्यावर येऊन उभे राहिले.

"तुला काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

शब्द बाहेर पडले तेव्हाच त्यांना ऐकू आले.

मुलीच्या चेहऱ्यावर राग आला नाही. जे आले त्याला राग म्हणता आले असते, तर बाईंना सोपे गेले असते. ती पुढे आली, घडीची रीत होती तितकीच जवळ. बाईंच्या बोटांतून तिने एकेक टोक सोडवून घेतले, कडेला कड जुळवली, घडी पुरी केली आणि ढिगावर ठेवली.

"नाही, थांब, सांगते मी," बाई घाईने म्हणाल्या. "पाण्यावर ना हवेचा..."

मागे एक यंत्र पाणी सोडत घरघरू लागले होते. मुलीने ढकलगाडीच्या अडलेल्या चाकाला पायाने सरळ केले आणि दांडा धरला.

"गुरुवारी येशील ना गं?"

मध्ये उभ्या ढकलगाड्यांवरच्या ढिगांआड मुलीचे फक्त खांदे दिसत होते. ते एकदा ओझ्यावर झुकले, चढण आली तसे आणखी झुकले, आणि ती वॉर्डांच्या दिशेने निघून गेली.